एका दुपट्ट्याखाली दोन सौदे

अकोला, शुक्रवार, २४ मे १९५७

चारुशीलाबाईंनी ही वही दिली आणि म्हणाल्या, "सत्यवती, राग आला की भांडी आपटण्यापेक्षा लिहीत जा." आमच्या घरातल्या भांड्यांचं शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना कुणी सांगितलं? आईनंच. म्हणजे पहिला राग आईवर.

दुसरा आबांवर. हे लिहायला लाज वाटते, पण वही माझी आहे. आबा तीस वर्षं अकोल्याच्या कापूस बाजारात दलाल आहेत. जानराव दलाल म्हटलं की बाजारात कुणीही घर दाखवतं. रुईची चिमूट बोटांत धरून ओढायची आणि धागा किती लांब, माल तेल्हाऱ्याकडचा की मूर्तिजापूरकडचा, हे डोळे मिटून सांगायचं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आज तेरा दिवस झाले, उजवं अंग लुळं पडून ते ओसरीतल्या बाजेवर आहेत. बोलणं गेलं. तोंडातून नुसतं "हा, हा" निघतं. पाणी हवं असलं तरी हा, अंगावर माशी बसली तरी हा. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली आहे, समज किती उरली ते आज सांगता येत नाही.

लकवा शनिवारी झाला. त्याआधी बुधवारी आमचं भांडण झालं होतं. मी म्हटलं होतं, मॅट्रिक पास झाले की अमरावतीला इंटर सायन्सला जाईन, आणि गणितही घेईन अन् जीवशास्त्रही. आबा म्हणाले, "एकच पकड. एका दुपट्ट्याखाली दोन सौदे होत नाई." बाजारात दोन दलाल दुपट्ट्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. कायद्यानं आता उघडा लिलाव आहे, पण जुन्या लोकांची खोड गेलेली नाही. दुपट्ट्याच्या आत काय चालतं ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. बायका बाजारात जात नाहीत, आणि माल ज्याचा त्या शेतकऱ्यालाही ते कळू देत नाहीत. ती बाजारी म्हण माझ्या डोक्यात गेली. मी म्हटलं, "मेंदूतलं तुम्हाला काय कळतं? तुम्ही कापूस ओढा."

ते काही बोलले नाहीत. गुरुवारी बोलले नाहीत, शुक्रवारी बोलले नाहीत. शनिवारी बोलायचं गेलंच.

आई विचारते, तू रडत काहून नाही? मला रडू येत नाही. मला राग येतो.


गुरुवार, ३० मे

दोन्ही विषय कशाला, असं सगळे विचारतात. एकदा लिहूनच ठेवते म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

बाईंचे भाऊ मुंबईहून त्यांना विलायती विज्ञान मासिकं पाठवतात. त्यातल्या एका अंकात यांत्रिक मेंदूवर लेख होता. शब्दकोश घेऊन तीन आठवडे बसले तेव्हा समजला. आपल्या डोक्यातल्या मज्जापेशी विजेच्या बटणासारख्या आहेत, चालू नाहीतर बंद. अशा कोट्यवधी पेशी जोडल्या की माणूस होतो, रेडिओत असतात तसे काही हजार दिवे आणि तारा जोडल्या की गणित करणारं यंत्र होतं. कलकत्त्याला तसलं एक यंत्र आणलंय म्हणे. पेशी कळायला जीवशास्त्र हवं, वीज कळायला भौतिक, आणि ही जोडाजोड कळायला गणित. तीन पायांची तिवई आहे, एक पाय कापला तर उभी राहील का?

आणि एक गोष्ट त्या लेखात नाही, ती माझी आहे. आबांच्या बोटांना धागा कसा कळतो? कुणी शिकवला नाही. हजारो चिमट्या ओढल्या, चुकले, व्यापाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पुन्हा ओढल्या. म्हणजे प्रत्येक चुकीबरोबर आत कुठेतरी कुठली तरी तार थोडी घट्ट, थोडी सैल होत असणार. मग यंत्रालाही चिमट्या ओढायला लावल्या आणि चुकू दिलं तर? 

आज अमरावतीच्या कॉलेजचं प्रॉस्पेक्टस आलं. आबांच्या बाजेवर बसून मी मोठ्यानं वाचलं, रागानंच वाचलं, "गणित किंवा जीवशास्त्र, यांपैकी एक." त्या "किंवा"वर मी बोट आपटलं. आबांनी डाव्या हातानं माझा हात ओढला आणि तर्जनी आणि मधलं बोट असं घट्ट धरलं की वळ उठले. सोडवता सोडवेना. शेवटी आईला बोलवावं लागलं.


शुक्रवार, ७ जून

निकाल लागला. पहिला वर्ग, गणितात एकशे पन्नासपैकी एकशे एकेचाळीस. आईनं गूळ वाटला. बायका आल्या आणि म्हणाल्या, "बाप असा पडला अन् पोट्टी पास झाली, देवाची करणी." देवानं पेपर लिहिले काय?

आबांना सांगायचं नव्हतं. सांगितलं. त्यांनी पुन्हा तीच दोन बोटं धरली. "हा, हा" म्हणाले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण डॉक्टर म्हणाले होते की अशा रोग्यांना उगीचच रडू येतं, त्याला अर्थ नसतो.


शनिवार, ८ जून

त्यांच्या हातात पेन्सिल दिली. लिहा म्हटलं, काय हवं ते लिहा. फेकली. उचलून पुन्हा दिली. पुन्हा फेकली, ती थेट तुळशीपर्यंत गेली.

डावा हात काय लिहिणार, हे मला आधी कळायला हवं होतं. पण फेकायची काय गरज?


गुरुवार, १३ जून

उलगडा झाला! बाईंकडच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडलं. तान्ह्या मुलाच्या तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटते. मोठेपणी मेंदू ही सवय दाबून ठेवतो. मेंदूला इजा झाली की ती परत येते. आबांचं बोटं धरणं ते हेच. त्यात त्यांची इच्छा नाही, समज नाही. बेडकाच्या कापलेल्या तंगडीला वीज लावली की ती झटका देते, तसं.

घरी येऊन प्रयोग केला. त्यांच्या तळहातावर माझं एकच बोट ठेवलं. त्यांनी ते सोडलं, चाचपून शेजारचं शोधलं आणि मग दोन्ही धरली. पुस्तकाप्रमाणे एकच धरायला हवं होतं. बिघडलेला मेंदू नेम तरी कसा धरणार, अशी नोंद केली.

आई वाती वळत होती. आबांनी तिच्या सुपातली रुईची चिमूट घेतली, छातीशी दाबून डाव्या हातानं ओढली आणि तोंड वाकडं करून टाकून दिली. आई म्हणाली, "खरं हाय, माल हलकाच हाय. दुकानदारानं फसवलं." मी आईला समजावलं की ही जुनी सवय आहे, यात समज शोधू नये. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "लय शिकली तू."


बुधवार, १९ जून

बाईंबरोबर अमरावतीला जाऊन आले. बडनेऱ्याला गाडी बदलायची, तिथे पाऊण तास उन्हात.

कॉलेजातला हेडक्लार्क अर्जाकडे पाहून हसला. "दोन्ही? बाई, हा काय जेवणाचा डबा आहे, हेही घाला तेही घाला?" मी काही बोलायच्या आत बाईंनी माझा हात दाबला. त्यांनी नियम वाचायला मागितला तेव्हा त्याचं हसू गेलं, कारण नियमात आहे. जादा विषय घेता येतो, प्रिन्सिपॉलांची परवानगी आणि पालकाची संमती असली तर. गेल्या कित्येक वर्षांत कुणी मागितला नाही इतकंच.

प्रिन्सिपॉलांना सगळे बापूसाहेब म्हणतात. पांढरा कोट, लाल पगडी, समोर टेबलावर चंबूत सरबत. त्यांनी माझं सगळं ऐकलं, तारा, पेशी, चिमट्या, सगळं. मग म्हणाले, "मुली, तू म्हणतेस तो विषयच जगात नाही."

"म्हणूनच दोन घ्यावे लागतात," मी म्हटलं.

"हं. वडील काय म्हणतात?"

"ते बोलू शकत नाहीत. लकवा झालाय."

"लिहून देतील?"

"नाही."

"शुद्ध आहे का? त्यांना समजतं का?"

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही."

"मग जो कुणी शुद्धीत असेल त्या पालकाची सही आण. चार जुलै शेवटची तारीख."

बाहेर आल्यावर बाई माझ्यावर संतापल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "ठाऊक नाही का म्हणालीस?" मी म्हटलं, खरं तेच म्हणाले, विज्ञान म्हणजे खरं बोलणं, तुम्हीच शिकवलंत. त्या म्हणाल्या, "ठाऊक नसेल तर शोधून काढायचं असतं, हेही शिकवलं होतं." मग परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आल्यावर म्हणाल्या, "मलाही एक विषय सोडायला लावला होता. मी सोडला." कोणता ते सांगितलं नाही.


रविवार, २३ जून

चंद्रभानकाका गावाहून आले. आबांचे धाकटे भाऊ, तेल्हाऱ्याकडे शेती पाहतात. पेरणी टाकून आले म्हणून घरभर उपकार. येताना ज्वारीची पोती, तुरीची डाळ, आईसाठी लुगडं. वाईट माणूस नाही आणि याचाच जास्त राग येतो, कारण भांडायला जागा राहत नाही.

"सत्ते, आण तुहा फारम, मी सही करतो," काका म्हणाले. मला वाटलं झालं! मग म्हणाले, "पण जीवशास्त्रावर. डॉक्टरीण हो अन् बापाले बरं कर. गणित कायले पाह्यजे? किराण्याचं दुकान टाकतं काय?"

मी पुन्हा तारा-पेशी सांगायला लागले. काकांनी शांतपणे ऐकलं. "मले समजलं नाई, पण वाईट नसन. पण पाय, दोन बैल एकाच धावेवर दोन दिशेले जुंपले तं मोट फाटते. एक कर, नीट कर."

"आबांना विचारू या," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मला स्वतःलाच खात्री नव्हती.

"दादाले? दादाचं डोस्कं गेलं आता, पोरी. त्याले काय इचारतं?"

हे काका बाजेजवळ उभं राहून बोलले. आबांनी डावा हात बाजेच्या लाकडावर आपटला, तीनदा आपटला. काकांनी लगबगीनं त्यांना पाणी पाजलं. आबांनी ते तोंडातून बाहेर सोडलं, काकांच्या धोतरावर. "गिळताही येत नाई माह्या दादाले," असं म्हणत काका रडले. मोठा माणूस, दाराला डोकं टेकून रडला. अशा माणसाशी कसं भांडायचं?


सोमवार, २४ जून

अर्ज भरला. जीवशास्त्र. काकांनी सही केली, खाली तारीख घातली, वर शाबासकी दिली.

मी परसात जाऊन पितळी बादली विहिरीत टाकून दिली. आता ती गळ टाकून काढावी लागेल. काढा.


गुरुवार, २७ जून

आज जे झालं ते क्रमानं लिहायचं, नाहीतर मी काहीतरी फोडीन.

सकाळी नत्थुजी आले. हे आबांचे बाजारातले जोडीदार. जोडीदार म्हणजे समोरच्या बाजूचे दलाल, तीस वर्षं रोज आबांशी भांडलेले. हंगाम नाही, बाजार ओस, म्हणून मोझरीला गुरुकुंज आश्रमात महिनाभर राहिले होते. आल्याबरोबर बाजेवर बसले, आबांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

मग कितीतरी वेळ काहीच झालं नाही. दुपट्टा हलत होता, तेवढंच. नत्थुजी आढ्याकडे पाहत होते, आबा भिंतीकडे. एकाएकी नत्थुजी ओरडले, "अरे बाप्पा! बोट मोडतं काय माहं?" आणि हसायला लागले. आबांच्या घशातून असा आवाज आला की मी धावत गेले. ते हसत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"मांगच्या हंगामातला सौदा उकरून काढला. ते म्हणतात पाच वर दोन. मी म्हटलं पाचच. तं माहं बोट मुरगाळलं. तवाही असंच मुरगाळलं होतं."

मी म्हटलं, म्हणजे त्यांना समजतं? नत्थुजींना प्रश्नच कळला नाही. "काहून नाई समजत? डावा हात हाय म्हणून जरा उलटं पडते, बाकी जानराव ते जानरावच."

मग त्यांनी मला दाखवलं, आबांकडून परवानगी घेऊन. एक बोट धरलं तर एक. दोन धरली तर दोन. अख्खा पंजा म्हणजे पाच, त्यावर बोटं वाढवत जायचं. सौदा पटला तर तळहात दाबायचा. पुढच्यानं अपमानाचा भाव दिला तर दुपट्टा झटकून चालायला लागायचं. "तुह्या बापानं आजवर तीनदा झटकला," नत्थुजी म्हणाले. "दोनदा माह्यावर."

"नुसती दोन बोटं धरली तर? तर्जनी आणि मधलं?"

"दोन."

"दुसरा काही अर्थ नाही?"

"दोन म्हंजे दोनच, बाई. त्यात काय अर्थ?"

मी वही आणली. तीस मे. सात जून. तेरा जून. सगळं माझ्याच अक्षरात. तीस मेला मी मोठ्यानं वाचलं होतं, गणित किंवा जीवशास्त्र, यांपैकी एक. त्यांनी वळ उठेपर्यंत सांगितलं होतं, दोन. मी शरीरशास्त्राचं पुस्तक आणलं. मी त्यांच्या हातात एक बोट ठेवून प्रयोग केला आणि त्यांनी ते टाकून दुसरं शोधलं, आणि मी लिहिलं, बिघडलेला मेंदू. मी त्यांना बेडकाची तंगडी म्हटलं. मेंदू शिकायला निघालेली मी!

दुपट्ट्याखाली हात घातला आणि विचारलं, "आबा, एक की दोन?" दोन.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, एका दुपट्ट्याखाली दोन सौदे होत नाहीत?"

त्यांनी जरा वेळ घेतला. मग पुन्हा दोन, आणि तळहात दाबला.

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही म्हणालात? बोलता येत होतं तेव्हा का नाही म्हणालात?" आणि उठून आत गेले. मी त्यांच्यावर पुन्हा ओरडले.


शुक्रवार, २८ जून

काकांना पटत नाही. "कोंबडीचं मुंडकं कापलं तरी ते अंगणभर पळते. तसं हाय हे. सवय." हेच वाक्य पंधरा दिवसांपूर्वी मी आईला ऐकवलं होतं, फक्त कोंबडीच्या जागी पुस्तक होतं. म्हणून काकांवर ओरडता आलं नाही. ताट मात्र जोरात ठेवलं.

काका म्हणाले, "मी सही देली. आता ते खोडून, प्रिन्सिपॉलसमोर लकव्याचा माणूस उभा करून आपलं हसं करून घेऊ काय?"

तेव्हा आई बोलली. लकवा झाल्यापासून आई घरात कामापुरतीच बोलते. "भाऊजी, दीड महिना झाला, तुमी सारे त्याईच्या डोक्याचं बोलून राहिले. डॉक्टर, तुमी, हे पोरगी. त्याईच्या तोंडासमोर. मेलेल्या माणसाबद्दल तरी लोक बाहेर जाऊन बोलते. मी त्याईले अमरावतीले नेतो म्हणजे नेतो."




मंगळवार, २ जुलै

नत्थुजींनी जिनिंगवाल्याची लॉरी मागून आणली. हंगाम नसल्यानं रिकामीच होती. लॉरीत बाज ठेवली, बाजेवर आबा, डोक्यावर ताडपत्री. आई उशाशी, काका पायथ्याशी, मी आणि नत्थुजी फळीला धरून. आबांना आईनं नवं धोतर नेसवलं होतं, डोक्याला फेटा, खांद्यावर दुपट्टा. मूर्तिजापूरला लोक विचारत होते, कुणाची वरात आहे?

अमरावतीला कॉलेजात आबांना जिना चढवता येणार नव्हता. बापूसाहेब खाली यायला तयार होईनात. चारुशीलाबाई अकोल्याहून आधीच गाडीनं आल्या होत्या. त्या वर गेल्या आणि काय बोलल्या कोण जाणे, पंधरा मिनिटांनी बापूसाहेब पगडी सावरत लॉरीपाशी आले. मागे हेडक्लार्क, त्याच्या मागे अर्धं कॉलेज.

मी सगळं समजावून सांगितलं. बापूसाहेबांना मौज वाटली असावी. ते लॉरीत चढले, स्टुलावर बसले. नत्थुजींनी दुपट्टा टाकला. बापूसाहेबांनी आत हात घातला आणि लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात, मोठ्यानं, म्हणाले, "जानराव, सांगा बरं, चार आणि तीन किती?"

काही झालं नाही.

"चार... आणि... तीन?"

आबांनी हात बाहेर काढला. दुपट्टा धरला आणि असा झटकला की त्याचं टोक बापूसाहेबांच्या पगडीला लागलं. मग तोंड फिरवून घेतलं.

संपलं, मला वाटलं. खाली पोरं हसली. हेडक्लार्क म्हणाला, "मी सांगतच होतो, साहेब." माझा ताबा सुटला. मी प्रिन्सिपॉलांवर ओरडले, "तुम्ही त्यांना शाळकरी पोरासारखं विचारलंत! तीस वर्षं अख्ख्या बाजाराचा माल यांनी पारखला, आणि तुम्ही विचारता चार आणि तीन किती!" आणखी काय काय म्हटलं आठवत नाही. बाईंनी डोळे मिटून घेतलेले तेवढे आठवतात.

पण मध्येच काका उठून उभे राहिले. ते बापूसाहेबांकडे नाही, आबांकडे पाहत होते. बाजारात आबांना दुपट्टा झटकताना काकांनी एकदा पाहिलं होतं, आपल्याच कापसाच्या सौद्यात. "हा दादाच हाय," काका म्हणाले. "साहेब, सौदा मोडला त्यानं. तुमी त्याचा अपमान केला." मग हात जोडून, पण स्पष्ट, "कोंबडीले राग येत नाई, साहेब. माफी मागा."

बापूसाहेबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. म्हातारे आहेत, हे तेव्हा दिसलं.

"जानराव, चुकलो," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "आता माझं ऐका. दोन विषय घेतले तर ही मुलगी सकाळी साडेसातपासून संध्याकाळी पाचपर्यंत कॉलेजात राहील. प्राणिशास्त्राचा तास आणि गणिताचा तास एकाच वेळी आहे, तेव्हा गणितासाठी हिला दुसऱ्या तुकडीत बसावं लागेल, चाळीस मुलांत एकटी. दोन्हीत कच्ची राहायची भीती आहे. सुट्टीत घरी आली तरी तुमच्याजवळ बसायला हिला वेळ मिळणार नाही. मी बाप असतो तर एकच दिला असता. तुम्ही किती देता?"

आणि नत्थुजींच्या हातून दुपट्टा घेऊन स्वतःच पांघरला.

आबांनी त्यांना थांबवून ठेवलं. बाजारात ठेवतात तसं, भिंतीकडे पाहत, फक्त इथे भिंत नव्हती, कडुनिंब होता. मग दुपट्टा हलला.

"दोन," बापूसाहेब म्हणाले.

त्यांनी एक अट घातली. सहामाहीत एकाही विषयात नापास झाले तर एक विषय ते काढून टाकतील. आबांनी तळहात दाबला, असं त्यांनी सांगितलं. हेडक्लार्कनं शाई आणली. काकांच्या सहीवर रेघ मारून खाली आबांचा डावा अंगठा घेतला. बापूसाहेब उतरताना मला म्हणाले, "आवाज जरा खाली ठेवत जा. इथे वर्गात चालायचं नाही." मी हो म्हटलं. खोटंच.

परतताना काका लॉरीत आबांचे पाय धरून बसले होते. पाण्याबद्दल काहीतरी पुटपुटत होते, धोतरावर सांडलेल्या. आबा झोपले होते, किंवा तसं दाखवत होते.


अमरावती, वसतिगृह, बुधवार, १० जुलै

आज आले. खोलीत तीन मुली, दोन खिडक्या, एक दिवा. उद्या साडेसातला प्राणिशास्त्र.

निघताना आबांच्या बाजेवर बसले. नत्थुजीही पोचवायला आले होते. मला एक विचारायचं होतं, त्या बुधवारचं, "तुम्ही कापूस ओढा" असं मी म्हटलं होतं ते. आठ दिवस शब्द जुळवत होते. अशा प्रश्नाला आकड्यांत उत्तर कसं देणार, हेही समजत नव्हतं. शेवटी दुपट्टा स्वतःच टाकला, आत हात घातला, आणि विचारलंच नाही.

आबांनी माझा अख्खा पंजा धरला. पाच. मी थांबले. त्यावर आणखी बोट येईना, तळहातही दाबला नाही. पाच कशाचे? पाच वर्षं? पाच महिन्यांनी ये? एकदा मी त्यांचं म्हणणं फुकट घालवलं होतं, आता एक बोटही वाया घालवायचं नव्हतं. मी वही काढायला लागले, एका हातानं, तारीख घालायला.

"नत्थुजी, पाच म्हणतात. कशाचे पाच?"

नत्थुजींनी दुपट्ट्याचं टोक उचलून आत पाहिलं. भर बाजारात जी गोष्ट कुणी कधी करत नाही, ती केली. मग हळूच पुन्हा झाकलं.

"हा भाव नाई, बाई," ते म्हणाले. "असंच धरलं हाय. मोजू नको."

मी वही ठेवून दिली. आई दारातून हाका मारत होती, टांगा आला, चल, म्हणून. आबा सोडत नव्हते, मीही ओढला नाही. सकाळची गाडी चुकली. दुपारच्या गाडीनं आले.